चमचा उभा राहीपर्यंत

साडी आणतील वाटलं होतं.
मागाचं शिक्षण घ्यायला मिलनं धाडलेला माणूस
सहा महिन्यांनी सोलापूर टेसनावर उतरला,
आणि ट्रंकेतून निघालं काय,
तर बिडाचं आप्पेपात्र.

सासूबाई तेलुगूत हसल्या.
गुंतपोंगनालूचं पात्र आपल्या घरात नव्हतं का रे, यादगिरी?
हे म्हणाले, याचे खळगे उथळ आहेत.
एवढंच.

एन्स्खेडे नावाचं गाव, तेही विणकरांचं.
ज्यांच्या घरी राहिले त्या मेव्राव वेसलिंक.
मेव्राव म्हणजे नुसतं 'बाई', हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.
तोवर नाव समजून
मनातल्या मनात भांडत होते मी तिच्याशी.

कारण गाजर किसायला घेतलं की हे म्हणायचे,
किसू नको, उकड. बटाटा, कांदा, गाजर, सगळं एकत्र चेच.
फोडणी?
नाही.
हिरवी मिरची?
नाही गं, लोणी.
साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत
मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत,
मी हुत्सपॉट चेचत होते वरवंट्यानं
आणि घाम नाकावरून थेट पातेल्यात.
मीठ त्या दिवशी वेगळं घालावं लागलं नाही.

वाटाण्याचं सूप, त्याचं नाव स्नेर्त.
शिंकल्यासारखं नाव.
चमचा उभा राहिला पाहिजे त्यात, हे सांगायचे,
पडला तर अजून झालं नाही.
डुकराचं सॉसेज असायचं त्यात,
हे मात्र अकरा वर्षांनी सांगितलं,
सासूबाईंचं वर्षश्राद्ध झाल्यावर.
मी नळी घालते. बोकडाची.
पावाऐवजी कडक भाकरी मोडून.

एकदा मीच पत्र लिहिलं तिला.
म्हणजे मी सांगितलं, ह्यांनी लिहिलं,
काही गाळलं असणार.
सोबत शेंगाचटणीचा पुडा, तीनदा प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

उत्तर यायला गड्ड्याची जत्रा उजाडली.
चटणी आम्ही लोणी लावलेल्या पावावर भुरभुरतो, तिनं लिहिलं होतं.
नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं परत मागितली.
मग खाली, वेगळ्या शाईत:
मिल बंद झाली.
तो खिडकीशी बसतो.
मी रोज दोन बटाटे जास्त सोलते,
तेवढाच वेळ जातो त्याचा, चेचण्यात.

हे पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं
आणि शेवटच्या ओळी दोनदा.
तेव्हा आमचा भोंगा वाजत होता अजून.

वाजायचा बंद झाला त्या सकाळीही
हे सवयीनं सहाला उठले, चप्पल घातली,
दारात उभे राहिले.
मी काही बोलले नाही. बोलायचं काय असतं?
टोपलीतून बटाटे काढले,
दोन जास्त.

आता नातवंडं त्या पात्रात पॉफर्चेस मागतात,
वर पिठीसाखर, कुणाला गुळाचा पाक.
शेजारच्या खैरुन्निसा एक ताट नेतात, रिकामं कधी परत देत नाहीत.
बाईंचं पत्र येऊन वीस वर्षं झाली असतील.
कळवायला कुणी नसावं,
किंवा कळवणाऱ्याला आमचा पत्ता वाचता आला नसेल.
'साखर' म्हणजे काय हे त्यांना कोण सांगणार.

आज चौथ्या दिवशी पाणी आलं.
हंडे भरून झाल्यावर वाटाणे चढवले,
दुपारभर ढवळले.
चमचा रोवला. कलला.
पुन्हा ढवळलं. कलला.
दिवे लागायच्या सुमाराला उभा राहिला, एकटा,
पातेल्याच्या मधोमध.

अहो, या बघायला.
हे आले भिंत धरत, चष्मा लुंगीला पुसला,
वाकून बघत राहिले खूप वेळ.
मला वाटलं आता तिचं काहीतरी निघणार.

चटणी कुठंय, म्हणाले.