धुकं होतं, आकडा दिसला नाही

तिबिलिसीहून निघाले तेव्हा बॅगेत यादी होती:
एकशे चार प्रश्न, प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन.
धरण दोन डोंगरांच्या जबड्यात.
कंट्रोल रूममध्ये अक्रोडाच्या मुरंब्याची बरणी, उघडीच,
आणि गुराम, रात्रपाळीचा,
निवृत्तीला सात महिने उरलेला.
"बसा हो," म्हणाला, "आकडे कुठे पळून जात नाहीत."

तेच तर. कुठेच जात नव्हते.
चौदा नंबरचा सेन्सर अकरा दिवस
एकच पातळी सांगत होता, दशांशासकट:
चारशे बारा पूर्णांक सहा, चारशे बारा पूर्णांक सहा,
जपमाळ ओढावी तसा.
वर बर्फ वितळत होतं, खाली चार टर्बाइन फिरत होते,
नदीला कुणी विचारलं नव्हतं.
अहवाल मात्र हिरवागार.
रात्री-अपरात्री झोपेतून न उठवणारा आकडा
मंत्रालयात सगळ्यांचाच लाडका.

बोगद्यातून खाली उतरलो.
पायऱ्या दोनशे एकोणीस. त्याही मोजल्या. सवय.
केबल कुजली होती, बोट लावताच भुगा.
यंत्राचा दोष म्हणाल तर एवढाच,
की ऐकू येईनासं झाल्यावर
ते शेवटचं ऐकलेलंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलं.
"मला ठाऊक नाही" हे वाक्य
त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

वर आल्यावर गुरामनं कपाटातून वह्या काढल्या.
निळे पुठ्ठे, कडांना ओल.
त्याची बायको त्सियाला
भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी वाचायची,
दिवसातून तीनदा, एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून,
आणि एकाही सातावर तिनं गिरवून नऊ केलेला नाही.
एका फेब्रुवारीत फक्त ही ओळ:
धुकं होतं, आकडा दिसला नाही.
पुढची जागा कोरी.
दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी आकडा, आणि समासात बारीक अक्षरात,
कंदील घेऊन खाली गेले.

मग यादीतला एकसष्टावा प्रश्न:
पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?
गुराम हसला. सगळ्यांना.
सतरा जणांना, शिवाय कँटीनच्या एतेरीला,
कारण चिठ्ठी टेबलाच्या काचेखालीच होती.
त्सियाला, आणि तिच्या नोकरीचं पहिलं वर्ष.
ती गेली त्या आठवड्यात ठेवलेला. नऊ वर्षं झाली.
रोज पाळी बदलताना कुणीतरी
तिचं नाव टाइप करून
अख्खी नदी ताब्यात घेत होतं.

मी काय बोलणार.
गेल्या हिवाळ्यात खालच्या खोऱ्यातल्या उपकेंद्रात
कुणी परका शिरला होता, दारातून नव्हे,
अशाच एका सोप्या शब्दातून.
चार गावांनी दोन रात्री मेणबत्त्यांवर काढल्या.
हे मी गुरामला सांगितलं.
त्यानं ऐकून घेतलं, आणि चिठ्ठी काढून
घडी न घालता वहीत ठेवली.

संध्याकाळपर्यंत दोन कामं.
सेन्सर गप्प झाला तर पडद्यावर आता
जुना आकडा येत नाही, कोरी जागा येते.
तासाभरात राजधानीतून फोन:
अहवालाला भोकं कशी पडली?
म्हटलं, धुकं आहे.

आणि ज्याची त्याची वेगळी किल्ली.
गुरामची पाळी आली तेव्हा
नियमाप्रमाणे मी भिंतीकडे तोंड केलं.
दोन बोटांनी, सावकाश.
मग यंत्राचा तो नकाराचा आवाज:
हा शब्द पूर्वी वापरलेला आहे, दुसरा निवडा.

बराच वेळ काही वाजलं नाही.
जिन्यातून टर्बाइनची घरघर तेवढी वर येत होती.
मग टकटक पुन्हा सुरू झाली,
लांबच लांब, एखादी अख्खी ओळ असावी तशी,
मधे एकदा थांबून, पुन्हा.

मी मोजली नाही.