तिऱ्हाईत

सोहारच्या टायपिंग सेंटरात बिजू विचारतो,
बोटं किती?
मी डावा हात काउंटरच्या काचेवर ठेवतो.
तो मोजत नाही. तक्ता उघडतो.

तक्त्यात तर्जनीचा भाव वेगळा, करंगळीचा वेगळा,
पेरापेराचे टक्के.
उजव्या हाताला चार जास्त.
मी डावखुरा, हे लिहायला
फॉर्मात रकाना नाही.

कंपनीने तिचं देणं दिलं.
सही जमेना, अंगठा तेवढा शाबूत होता,
पावतीवर तोच उमटवला.

बाकीचं थर्ड पार्टीकडून, बिजू म्हणतो.
मी मनात म्हणतो, तिऱ्हाईत.
आमच्या मोहल्ल्यात तिऱ्हाईत म्हणजे
ज्याला पाणी विचारायचं
पण घरातलं सांगायचं नाही.
इथे क्रेन एकाची, बेल्ट दुसऱ्याचा,
क्रेनवरचा माणूस आणखी कुणाकडून भाड्याने आणलेला.
जो तो पुढच्याकडे बोट दाखवतो.
त्यांच्याकडे आहेत बोटं.

केस उभी राहायला चूक लागते,
चुकीला नाव लागतं.
वकिलाने ते आधीच लिहून ठेवलंय:
तोफज्जल, ऑपरेटर, जिल्हा नोआखाली.
लिहा, मोबाइलवर बोलत होता.

तोफज्जल पहाटे तीनपासून केबिनमध्ये होता.
पाइप सुटला तेव्हा
अर्ध्या शिडीवरून उडी टाकून आला तो पहिला.
हातमोजा काढला नाही त्याने,
आत काय असेल ते त्याला कळलं होतं.
थंड ताकाच्या पिशव्यांमध्ये माझा हात धरून
दवाखान्यापर्यंत
त्याच्या भाषेत कुणाला तरी शिव्या देत राहिला.

आता दर शुक्रवारी दोन गाड्या बदलून येतो,
माझ्या उजव्या हाताची नखं कापून देतो.
मान वर करत नाही.

आणि बेल्टच्या शिवणीवरचं लेबल.
त्यावरच्या तारखेवर रंग मारलेला होता,
उन्हात तिरकं धरलं की आकडे दिसत.
दिसले होते.
तरी मीच अडकवला बेल्ट, मीच हात वर केला,
उचल म्हणून.
हे रुकय्यालाही सांगितलेलं नाही.

चाचा, लवकर, बिजू म्हणतो,
जोहरच्या आधी दुकान बंद करायचंय.

मी म्हणतो, लिही,
बेल्टची तारीख उलटून गेली होती.

कुणी पाहिलं?

त्याची दहाही बोटं
कीबोर्डवर थांबलेली.