कळवण्यात यावे

रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट लागते
आणि तिचं लोखंडी फळकं सिमेंटवर खरवडतं,
तेव्हा माझ्या डाव्या हाताची दोन बोटं
आपोआप मिटतात.
उरलेली तीन मिटत नाहीत.
त्यांना कुणी सांगतच नाही आता काही.

अकरा महिने तो मागे होता.
किती अंतरावर? हवालदारानं विचारलं.
चोडणच्या बोटीत
माणूस माणसापासून जितका लांब उभा राहू शकतो
तितक्या.
त्यानं लिहिलं, अदखलपात्र.

औषधाच्या दुकानात तो रोज यायचा,
तापाची एकच गोळी मागायचा.
ताप कधीच नसायचा.
आई म्हणाली, अबोली माळू नकोस.
मी अबोली सोडली, हिरवा ड्रेस सोडला, सहाची बोट सोडली.
सातच्या बोटीला तो कोयता घेऊन आला.

इनास पोदेरनं सायकल सरळ त्याच्या अंगावर घातली.
पाव उतारावरून पाण्याकडे घरंगळले.
शुद्ध जाऊ नये म्हणून मी ते मोजले.
सतरा.
इनासनं त्यांचे पैसे कधी सांगितले नाहीत,
मी विचारलं तर उगाच भोंपू वाजवून निघून गेला.

कोर्टात पुकारा झाला : सरकार विरुद्ध तो.
मी कुठे आहे, बघितलं.
साक्षीदार क्रमांक एक.

मग एका शुक्रवारी, म्हापशाच्या बाजारात,
तो मानकुराद हुंगून बघत होता.
नऊ दिवस झाले होते जामिनाला.
आंबेवालीला ठाऊक होतं,
त्याला ठाऊक होतं कुठला आंबा गोड,
मला कुणी काही कळवलं नव्हतं.
तशी पद्धत नाही बाय, कारकून म्हणाला,
आणि खरंच, वाईट वाटून म्हणाला.

मी डावखुरी.
एकोणतिसाव्या वर्षी उजव्या हातानं
अक्षर गिरवायला बसले.
ग म भ न नाही.
पहिल्या पानभर एकच ओळ :
मला कळवण्यात यावे.

आता बुधवारी मी कोर्टाच्या व्हरांड्यात असते.
परवा डिचोलीची मंजिता आली,
मोबाइलमध्ये दोनशे बारा मेसेज
आणि पुसून टाकू का, हा प्रश्न घेऊन.
धीर धर, असं मी कुणाला सांगत नाही.
फिर्यादीची प्रत माग, म्हटलं. फुकट असते.
आणि आत गेल्यावर खांबाच्या अलीकडे बस,
तिथून तो दिसत नाही.
ती म्हणाली, तुम्ही कुठे बसला होता?
पलीकडे, म्हटलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक्केचाळीस अर्जांनंतर
काल पोस्टानं पाकीट आलं.
सातच्या बोटीत फोडलं,
कठड्याला पाठ लावून, अजून तशीच उभी राहते मी.
आरोपीच्या अर्जावर सोमवारी सुनावणी.
आपणांस कळविण्यात येते की.
दोनदा वाचलं. बोट मध्यावर होती,
मांडवी गढूळ, इंजिनाचा धूर.

माझं नाव चुकवलंय त्यांनी.
दुरुस्तीचा अर्ज
उद्या सकाळी देते.