काटा

तेहतीस वर्षं मी कापूस तोलला
चिंबायच्या सरकारी शेतावर.
गोणी काट्यावर चढली की
आधी काट्याकडे बघायचं नाही,
आणणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं.
दवात भिजवलेला कापूस,
तळाशी मातीचं ढेकूळ,
एकीने तर आत खरबूज दडवलेलं.
मी काही बोलले नाही.
तीन किलो वजा केले, खरबूज तिच्या ओट्यात ठेवलं.

आता दर सोमवारी मी स्वतःच गोणी.
चपला काढ, शाल काढ, किल्ल्यांचा जुडगा काढ.
बीबीखान नर्स मास्कमधून आकडा वाचते
आणि कागदावर टिंब देते.
त्रेचाळीस दोनशे.
बेचाळीस पाचशे.
एकेचाळीस सहाशे.
टिंबं जोडली की उतार दिसतो,
आमच्या सपाट मुलखात असा उतार कुठेच नाही.

सून डब्यात ज्वारीचे गोळे आणते, मटणाच्या रश्शात शिजवलेले.
फाटकाबाहेर उभी राहून विचारते,
"आई, अंगाला लागतंय ना?"
मी हो म्हणते.
सकाळच्या गोळ्या पोटात गेल्या
की गोळे, रस्सा, तिचा प्रश्न,
सगळं पत्र्याच्या बादलीत.
साधी गोळी ज्याला भीत नाही
त्या आजाराला मारायला
आधी मलाच सोलतायत.
चेहरा तांब्याच्या परातीसारखा झालाय.
अंगठी घसरते, म्हणून तिला सुती दोरा गुंडाळलाय.
सात वेढे.

ओतेगेन वेल्डर आहे, वय चोवीस.
त्याची बायको हिवाळ्याआधी बाळंत होणार.
कुणीतरी त्याला सांगितलंय
पन्नास भरले की घरी सोडतात.
त्या सोमवारी तो काट्यावर चढला
आणि मी सवयीने डोळ्यांकडे पाहिलं.
खरबूजवालीचेच डोळे.

उगाच कशाला, म्हणून गप्प बसले असते.
पण इथे गोळ्याही वजनावर मोजतात,
काटा मारला तर मार त्यालाच बसणार.
उठले. त्याच्या पायजम्याच्या खिशात हात घातला.
चार बोल्ट, गंजलेले, ऊबदार.
तळहातावर पेलून म्हणाले, "सातशे ग्रॅम."
बीबीखानने बोल्ट तोलले.
सातशे दहा.
हात अजून विसरला नाही, एवढं एक बरं वाटलं
आणि लगेच वाईट.

तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.
बोल्ट खिडकीत पडून होते,
त्यांच्यावर खारी धूळ बसत होती.

चौथ्या महिन्यात माझं टिंब वर सरकलं.
दोनशे ग्रॅम.
मग चारशे.
मग एकदम किलो, आणि बीबीखान हसली.
डॉक्टरीण हसली नाही.
गुडघ्यांवर बसून तिने माझ्या नडगीवर अंगठा दाबला,
उचलला,
आणि खड्डा भरतो का ते बघत राहिली.

मला कळलं ती काय बघतेय.
ओली गोणी मीही अशीच दाबून बघायचे,
मूठ मिटून, सोडून,
कापूस उसळतो की बसून राहतो.
तेहतीस वर्षं समोर उभ्या माणसांना
कसं वाटत असेल, ते
त्या दोन क्षणांत सगळं एकदम समजलं.

"पाणी नाही," ती म्हणाली. "मांस आहे."

मूठभर मांस.
कुठे चढलंय ते मला सापडत नव्हतं.
रात्री पांघरुणाखाली स्वतःलाच चाचपलं,
चोरीचा माल शोधतात तसं.
बरगड्या होत्या तिथेच होत्या.
मग अंगठीचा दोरा टोचायला लागला.
एक वेढा सोडला.

सकाळी ओतेगेन माझ्या खाटेशी आला.
एकोणपन्नास शंभर, म्हणाला,
आणि न सांगता दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.
एकातून भाकरीचा चुरा सांडला.
"हा वजा करू का?" मी विचारलं.
हसता हसता त्याला खोकला आला,
आम्ही दोघं तो खोकला ऐकत राहिलो,
कोरडा की ओला.