पाखरं

बंदरात त्यांना कुणी जहाजं म्हणत नसे.
पाखरं म्हणत.
पाकोळी, कुरव, सुरय, टिटवी, क्रौंच, बगळा.
काम मात्र झाडूवालीचं:
मागे दोर सोडायचा
आणि समुद्र अंगणासारखा झाडत जायचं,
कुणी काय पेरून ठेवलंय ते बघत.
टिटवीनंही समुद्र आटवला म्हणतात;
आमच्या टिटवीला नुसता केर काढायचा होता.

नावं रंगवायला माझा बाप, बोनिफात्सी कोंकेल.
मी डबा धरायचे.
बाप म्हणायचा, अक्षर कुणीही काढतं,
कसब असतं ते वरच्या खुणांत.
पाकोळीच्या ‘एल’वरची तिरकी रेघ
एका झटक्यात यायला हवी,
आणि क्रौंचाच्या ‘झेड’वरचा टिंब
श्वास रोखून.

सप्टेंबरात यास्तार्नियाच्या धक्क्यावर विमानं आली.
पाकोळी बुडाली, बगळा बुडाला.
उरलेली चार त्यांच्या हाती लागली.

ऑक्सिव्हिएतून आम्हाला हाकललं.
अर्धा तास, एक गाठोडं.
बापाला ठेवून घेतलं, हाताला वळण होतं म्हणून.
मग एका सकाळी समोर क्रौंच
आणि कागदावर त्याचं नवं नाव.
बापानं वाचलं. परत वाचलं.
आमचंच गाव होतं ते, त्यांच्या वळणाचं,
‘ओ’वर दोन टिंबं असलेलं.
ज्या गावात पाऊल ठेवायची बंदी
ते त्यानं हातभर अक्षरांत लिहिलं.
आई यावर कधीच बोलली नाही.

लिहिण्याआधी जुनं खरवडायचं होतं.
ते त्यानं खरवडलं,
पण टिंबापाशी म्हणे पत्रा नीट दिसला नाही,
उन्हामुळे.
जानेवारीत, बाल्टिकवर, ऊन!

सेहेचाळीस साली चौघं परत आली,
पोचे पडलेली, राखाडी, ओळख न देणारी.
बाप शिडीवर चढला, डोळे मिटून
बोटानं चाचपत राहिला,
आणि एका जागी थांबला.
खाली मी. हातात डबा.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगायच्या,
पाकोळ्या हिवाळाभर तळ्याच्या गाळात निजतात,
बर्फ वितळला की वर येतात.
बाप असल्या गोष्टींना हसायचा.
तो गेल्यावर फडताळाच्या मागे
एक डबा सापडला, पांढऱ्या रंगाचा.
झाकणावर आठ अक्षरं,
आणि ती रेघ, एका झटक्यातली.

झाकण निघत नाही.
हलवला की
आत काहीतरी वाजतं.