लिंबाजीला पाठ असलेले पासवर्ड

परभणीला मुख्य कार्यालय, अकरा शाखा,
आणि सगळ्यांच्या भोवती एकच भिंत.
भिंतीबाहेर जग, भिंतीआत घर.
आत आला तो आपला,
मग त्याला कुणी विचारत नसे
कुठे निघालास, कुठलं कपाट उघडतोस.

सोनपेठ शाखेत लिंबाजी कच्छवे,
शिपाई, बावीस वर्षं.
साडेनवाला शटर वर ढकलायचा,
फुंकर मारून कीबोर्डवरची धूळ उडवायचा,
आणि साहेब यायच्या आत
सगळ्यांचे संगणक
सगळ्यांच्या नावाने चालू करून ठेवायचा.
गिराम साहेबांचा पासवर्ड: थोरल्या मुलीचं नाव, पुढे जन्मतारीख.
फरहाना मॅडमचा: स्कूटरचा नंबर.
कर्ज विभागाचा: एक ते आठ, सरळ.
कागदावर काहीच नाही, म्हणायचा, समदं इथं,
आणि कपाळाला बोट लावायचा.

माघातल्या एका रात्री, पावणेतीनला,
सोनपेठहून कुणीतरी आत आलं
गिराम साहेबांच्या मुलीच्या नावानं.
तिथून पाथरी, मानवत, सेलू.
कुठे कडी नव्हती, घरच होतं ना ते.
उजाडेपर्यंत एकतीस ठेवीदारांची खाती
धुतल्या ताटासारखी.

तीन दिवस लिंबाजी
ठाण्यातल्या बाकावर.
मारलं नाही कुणी. चहासुद्धा दिला.
फक्त पुन्हा पुन्हा विचारलं,
तुलाच कसे रे सगळे पाठ?
आणि ज्यांचे त्याला पाठ होते
ते सगळे फरशीकडे बघत होते.

चौथ्या दिवशी सापडली
एका लग्नपत्रिकेची फाईल,
गिराम साहेबांनी शाखेच्या संगणकावर उघडलेली.
लग्न कुणाचं होतं, अजून कळलेलं नाही.

संचालक मंडळानं मला विचारलं, भिंत किती उंच करायची?
मी म्हणाले, भिंत राहू द्या,
आत दारं लावा. खोलीला, कपाटाला, खणाला.
आणि प्रत्येक दारानं प्रत्येकाला
दर वेळी विचारायचं: कोण? कशाला?
बाबाराव लोखंडे टेबलावर हात आपटून म्हणाले,
म्हंजे मपल्याच माणसावर भरोसा ठेवायचा नाही?

मला तांत्रिक शब्द सुचेनात.
म्हणाले, देवगिरीला वेढा पडला तेव्हा, सांगतात,
घाईघाईनं धान्याची पोती वर चढवली,
आपल्याच माणसांनी.
कोठारात उघडली तर मीठ.
तट शाबूत, खंदक भरलेला,
वाटेत पोतं सोडून बघायला तेवढं कुणी थांबलं नव्हतं.

बाबाराव बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, खर्च किती?

मग सहा महिने मी आणि एसटी.
गंगाखेड, पूर्णा, जिंतूर.
जिंतूरला रेंज नाही,
माणसं खिडकीत मोबाइल धरून उभी, पीक राखल्यासारखी.
कर्जवाल्याला ठेवी दिसेनात, तो रुसला.
फरहाना म्हणाली, डबा खाऊन आले तर पुन्हा विचारतंय कोण तू,
अगं, आत्ताच तर सांगून गेले होते!

सोनपेठ शेवटी.
लिंबाजीच्या अंगठ्यावरच्या रेषा यंत्राला सापडेनात.
बावीस वर्षांच्या शटरनं झिजल्या असाव्यात.
ओल्या फडक्यानं पुसला, पँटवर घासला,
शेवटी डावी तर्जनी चालली.
पडद्यावर त्याची हजेरी आणि शटरची वेळ,
बाकी काही नाही.
मला वाटलं, वाईट वाटेल त्याला.
तो म्हणाला, बरं झालं मॅडम.
आता कुणाचं काही गेलं तर
आधी मपल्याकडं बघणार नाहीत.

स्टँडवर माझी बॅग त्यानंच आणली.
थोडं घुटमळून म्हणाला,
साहेबांची पोरगी परवा पंचवीसची झाली.
पासवर्ड तर तुम्ही काढला,
पण तारीख आली की मला आठवतंच.
ते इथून पुसायची
काही सोय आहे का तुमच्याकडं?

तेवढ्यात परभणीची गाडी लागली.