दोर कशाला बांधू

सेलूची जुनी टाकी उतरवायला घेतली
तेव्हा तिच्यात चिमणीपुरतंही पाणी नव्हतं.
तळाला वाळलेलं शेवाळ, पापुद्रे सुटलेलं,
आणि कुणाची तरी एक चप्पल. डाव्या पायाची.

गुत्तेदाराच्या कागदात एक कलम होतं,
शेषेराव मुन्शीनं हसत हसत वाचून दाखवलं :
धूळ बसावी म्हणून फोडताना पाणी मारत राहावं.
नळ आमच्याकडं नवव्या दिवशी येतो.
जिनं गावाला धड पाजलं नाही
तिला शेवटची अंघोळ कुठून घालायची?
मग धूळ बसली ती आमच्यातच.
थुंकलं की करडं, टावेल झटकला की करडं,
गफूरभाईचा खोकला तर
दहा वर्षांत सिमिटासारखा घट्ट झालाय.

मी खाली. पाटी भरायची, ट्रॉलीत टाकायची.
खालच्या माणसानं वर बघायचं नाही,
डोळ्यात खडी जाते.
खालच्या माणसानं वर बघायचं,
न्हाईतर डोक्यात जाते.
सतरा वर्षं झाली,
ह्यातलं खरं कोणतं, मला ठरवता आलं नाही.

वरचं काम त्याहून उफराटं.
ज्याच्यावर उभं राहायचं तेच फोडायचं.
बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारणारा
गोष्टीत येडा ठरतो,
इथं त्याला साडेसातशे हजेरी पडते.

मुंजाजी नवा. वय विचारलं तर एकोणीस म्हणाला
आणि सतराचा हसला.
मशीन खांद्यावर, वायरीला तीन जागी टेप.
वर पोचला आणि तिथून ओरडला,
"मालक, दोर कशाला बांधू?"

होतं काय तिथं बांधायला?
कठडा काल पाडलेला.
शिडी गंजून पापडावाणी.
जे उभं होतं ते सगळं
संध्याकाळपर्यंत खाली यायचं होतं.

गुत्तेदार गाडीच्या सावलीत.
मोबाईलातून मान न काढता म्हणाला,
"तेच म्हणतो मी. कशाला?"

सगळे हसले. मीबी हसले.
पाटी डोक्यावर घेतल्यावर कळलं,
पोरानं जागा विचारली होती.

तीनच्या सुमाराला ताटाएवढा तुकडा सुटला,
पाठोपाठ मशीन.
माझी पाटी माझ्या एक पाऊल पुढं होती.
ती चपटी झाली, भाकरीसारखी.
वर बघितलं, तर मुंजाजी
एका उघड्या सळईला लोंबकळायलाय,
आणि त्याच्या कोपरावरून रक्त
शांतपणे थेंब थेंब खाली यायलंय.
चौघांनी ओढून घेतला.
धनुर्वाताचं इंजेक्शन, सात टाके.
पहिला शब्द काय बोलला?
"मशीनचे पैसे कापतेत का?"

सळया जालन्याला जातात, भट्टीत, किलोच्या भावानं.
जिनं पोराला धरलं
तीबी त्याच रात्री काट्यावर चढली.

घरी बांधकाम मंडळाची पेटी आहे.
तिच्यातल्या पिवळ्या हेल्मेटात
माझी कोंबडी खुडूक बसलेली, अकरा अंड्यांवर.
मी तिला उचललं. तिनं मनगट फोडलं.
अंडी टोपल्यात भुश्श्यावर मांडली,
वरून तिला ठेवलं. रात्रभर ती
माझ्यावर कुरकुरत होती, बरोबरच होतं तिचं.

सकाळी मुंजाजी हाताला फडकं बांधून हजर.
न येऊन काय करील?
हेल्मेट त्याच्या पुढ्यात धरलं.
त्यानं उलटं करून झटकलं,
दोन पिसं पडली, एक चिकटून राहिलं.

"काहून थांबलंय काम?" गुत्तेदार गाडीतूनच.

दोराचं टोक हातात घेऊन मी काचेपाशी गेले.
"मालक, दोर कशाला बांधायचा?
कारण नको. जागा सांगा."

मागं एकबी पाटी वाजेना.
गफूरभाईनं खोकला दाबून धरला होता.
गुत्तेदार खाली उतरला,
कपाळावर हाताची सावली धरली
आणि वर बघायला लागला.